नायट्रोजनमधले दोन महिने

“ताजंच सोडा मॅडम,” हे म्हणाले. डॉक्टरांचं बोलणं अजून पुरतं संपलंही नव्हतं.

मी मान वळवून ह्यांच्याकडं बघितलं. मिरजेच्या दवाखान्यात डॉ. वसुधा इनामदारांच्या टेबलासमोर आम्ही दोघं बसलो होतो. माझ्या पोटाचा नगारा झाला होता आणि साडी कशीबशी गुंडाळली होती. चार दिवसांपूर्वी माझ्या अंगातून सोळा बीजं काढली होती. त्यातली नऊ फळली, आणि नवातले दोन गर्भ चांगले वाढत होते. दुसऱ्या दिवशी त्यांचा पाचवा दिवस. तेव्हाच ते माझ्या पोटात सोडायचे, की दोन्ही गोठवून ठेवायचे आणि दोन महिन्यांनी सोडायचे, एवढंच ठरवायचं होतं.

“भूपालराव, घाई करू नका,” डॉक्टर म्हणाल्या. “इंजेक्शनांना पद्मजाताईंच्या शरीरानं जरा जास्तच साथ दिलीय. पोटात पाणी साठायला लागलंय. उद्या गर्भ सोडला आणि तो रुजला, तर हा त्रास वाढू शकतो. दम लागतो, कधीकधी भरती करावं लागतं. तसं होईलच असं नाही, त्या अगदी काठावर आहेत. म्हणून तुम्हाला विचारतेय. माझं मत म्हणाल तर गोठवूया. शरीर निवळू दे, मग सोडू.”

“गोठवलेलं वितळताना मरत न्हाई का?”

“शंभरातले चार-पाच दगावतात.”

“चार-पाच,” हे टेबलाकडं बघत म्हणाले. “आमचे तर दोनच हाईत. ताजंच सोडा.”

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. काय बोलणार? माझ्या तोंडाला कुलूपच लागलं होतं.

“उद्या सकाळी नऊला मला फोन करा,” त्या म्हणाल्या. “दोघांनी बोलून ठरवा. आणि ताई, जेवण टाळू नका. डाळ, दूध, ताक, नारळपाणी, जे जाईल ते भरपूर. उपाशी राहायचं नाही, कळलं?”

आता ह्यात तोंडाला कुलूप लागण्यासारखं काय होतं, ते सांगायला हवं. माझा नवरा दूध संघाकडं गाईम्हशींच्या कृत्रिम रेतनाचं काम करायचा. मोटरसायकलला मागं नायट्रोजनचा कॅन बांधलेला, त्यात वळूंचं आणि रेड्यांचं बीज भरलेल्या बारीक कांड्या बुडवलेल्या, आणि हा माणूस शिरोळ तालुक्यातली सात-आठ गावं दिवसभर पालथी घालायचा. लोक त्यांना डॉक्टर म्हणायचे. त्यांनीही कधी ‘मी डॉक्टर नाही’ असं फार जोर लावून सांगितल्याचं माझ्या ऐकिवात नाही. एखादा म्हातारा हटकून म्हणायचाच, “कशाला ह्या बर्फातल्या भानगडी? रेड्याकडं न्हेतो की म्हस. ताजं ते ताजं.” मग ह्यांना चेव यायचा. “मामा, ह्या कांडीतला रेडा मरून चार वर्सं झाली. आणि त्याची रेडकं तुमच्या भावकीच्या गोठ्यात उड्या मारायला लागल्यात. गोठवलेल्याला मरण न्हाई, मामा!” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की झोपेतसुद्धा म्हणून दाखवलं असतं.

आणि तोच माणूस स्वतःची वेळ आल्यावर त्या म्हाताऱ्यांच्या पंगतीला जाऊन बसला होता.

गावी परतताना रिक्षा केली, कारण मोटरसायकलवर बसायची माझी ताकद नव्हती. रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या लागलेल्या, रिक्षा एकेका खड्ड्यात आपटायची आणि माझा जीव कळवळायचा. हे बाहेर बघत बसले होते.

खरं सांगायचं तर मलाही आधी ताजंच हवं होतं. आठ वर्षं वाट बघितलेल्या बाईला आणखी दोन महिने थांब म्हणणं म्हणजे काय, ते जिचं तिलाच कळतं. गावात हळदीकुंकवाला गेल्यावर बायका माझी ओटी भरायची वेळ आली की घुटमळायच्या. सगळ्या नाही, पण ज्या घुटमळायच्या त्यांची नावं मी आजही सांगेन. दूध संकलन केंद्रावर मी फॅटचं मशीन सांभाळायची, तिथं रांगेत उभ्या राहिलेल्या दोघी एकदा कुजबुजल्या होत्या, ‘दुसऱ्याच्या म्हशी गाभण करतोय, पण घरातली वांझ.’ हे मी ह्यांना सांगितलं नव्हतं. सांगून काय उपयोग? आदल्या वर्षी एकदा ताजा गर्भ सोडून झाला होता, तो राहिला नाही. तेव्हापासून मी गल्लीतून चालतानाही कुणी बघतंय का असं बघून चालायची.

पण डॉक्टरांनी पोटातल्या पाण्याचं सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं, हे एकदा तरी माझ्याकडं बघतील. ‘हिला त्रास होत असंल तर थांबूया’ एवढं म्हणतील. तसं काहीच झालं नाही. दोन गर्भांची काळजी होती आणि मी त्यांची पिशवी होते.

घरी पोचलो तेव्हा पाच वाजायला आले होते. घरात आम्ही दोघंच. सासूबाई जाऊन तीन वर्षं झाली होती. मी परसातल्या कट्ट्यावर टेकून बसले, आणि ह्यांनी कुकर लावला. तेवढं बरं होतं त्यांचं, हाताला काम लावायला कधी मागंपुढं बघितलं नाही. वरण-भात, ताक, सकाळची भाकरी असं ताट करून ते माझ्यासमोर घेऊन आले.

“जेव. दिवस मावळायला पाऊण तास हाय.”

आम्ही जैन. दिवस मावळल्यावर घरात कुणी जेवत नाही. सासूबाईंनी तापातसुद्धा हा नेम मोडला नव्हता, आणि ह्यांनीही कामाच्या पायी कित्येकदा उपाशी झोपून तो पाळला होता.

मी ताट बाजूला सरकवलं.

“आधी तुम्ही बोला.”

“काय बोलू?”

“ताजं कशासाठी? गावाला दहा वर्षं काय सांगत आलात? आणि आज?”

“तुला दोन महिने आणि कशाला टांगून ठेवायचं म्हणून...”

“खोटं.”

“पद्मा, जेव आधी. डॉक्टरांनी सांगितलंय.”

“तुम्ही खरं बोलेपर्यंत मी घास घेणार नाही. दिवस मावळला तर मावळला. मग रात्रभर उपाशी.”

माझा हट्ट त्यांना ठाऊक होता. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी रागानं दोन दिवस न बोलता काढले होते, आणि तिसऱ्या दिवशी हेच रडकुंडीला आले होते.

शेजारच्या उसाच्या शेंड्यांवर ऊन आलं होतं. हे उठले, गोठ्यापर्यंत गेले, परत आले. बादलीतलं पाणी उगाच एका झाडाला घातलं. परत कट्ट्यावर येऊन बसले. सूर्य उसाला टेकला होता.

“आपलं लगीन झालं तेव्हा मी नऊ दिवस रजेवर होतो,” ते म्हणाले.

“त्याचं काय आता?”

“कॅन हापिसात ठेवून गेलतो. परत आल्यावर पट्टी बुडवून बघितली.” ही पट्टी मला माहीत होती. लाकडाची साधी पट्टी कॅनमध्ये बुडवून बाहेर काढायची, हवेत हलवायची. जिथवर पांढरं दव धरतं तिथवर आत नायट्रोजन. “कोरडी निघाली. कॅन खराब झालता. सगळा नायट्रोजन उडून गेलता. आत चाळीस कांड्या होत्या. सगळ्या मेल्या.”

“मग?”

“दुसऱ्या दिवशी संघाची गाडी आली. कॅन बदलून घेतला. कांड्यांचं काय बोललो न्हाई. नोकरी कायम व्हायची होती, नवी बायको घरात आलेली. त्याच कांड्या नव्या कॅनात टाकल्या आणि महिनाभर वापरल्या.”

“मेल्यात हे ठाऊक असून?”

“ठाऊक असून.”

सूर्य निम्मा उसात गेला होता.

“बाकीच्यांच्या म्हशी उलटल्या, गाभण ऱ्हायल्या न्हाईत. म्हशी उलटतातच, लोकांना त्यात काय वाटलं न्हाई. पुढं नव्या कांड्या आल्या, परत भरवल्या, ऱ्हायल्या. कुणाला कळलं न्हाई. पण खालच्या गल्लीतल्या तानुबाईची म्हस दोनदा उलटली. ती म्हातारी हापिसात आली. म्हणाली, डॉक्टर, माझ्या लाडीला झालंय काय? मी म्हटलं...” ह्यांनी घसा खाकरला. “मी म्हटलं, वांझ हाय आज्जी. काढून टाका.”

“आणि तिनं काढली.”

“बाजारात न्हेऊन विकली. जाताना म्हस दावं ओढत हुती, तानुबाई तिच्या पाठीवर हात ठेवून चालली हुती. मी चावडीपाशी उभा हुतो. बघितलं मी ते.”

तानुबाईला मी ओळखत होते. विधवा सुनेला घेऊन राहणारी म्हातारी. आता तिच्याकडं दोन शेळ्या होत्या. केंद्रावर ती कधी दूध घालायला येत नसे. तिच्याकडं पूर्वी म्हैस होती हेही मला माहीत नव्हतं.

“एका चांगल्या म्हशीला मी वांझ म्हटलं, पद्मा. आपलं झाकायला. आणि मग आपल्यालाच...” ते थांबले. “तुला दर महिन्याला रडताना बघितलं की मला ती म्हस दिसायची. आता ते दोन जीव परत कॅनात ठेवायचे? मला त्या कॅनाचा भरवसा वाटत न्हाई. माणसाचा तर अजिबात न्हाई. मी माणूसच हाय की.”

त्यांचा चेहरा ओला झाला होता. मला वाटलं होतं मला त्यांची दया येईल. पण आला तो राग. असा राग की पोटाची कळसुद्धा विसरले.

“म्हणजे आठ वर्षं तुम्हाला वाटत होतं की हे तुमच्यामुळं होतंय.”

“व्हय.”

“आणि आठ वर्षं मी समजत होते की माझ्यामुळं! एकाच घरात राहून, एकाच ताटात जेवून! त्या बायका मला काय काय बोलतात ठाऊक आहे तुम्हाला? मी देवापुढं बसून विचारायची, मी कुणाचं वाईट केलं? आणि तुम्ही मागं दाराशी उभे राहून गप ऐकत होता! एकदा तोंड उघडलं असतं तर निदान दोघं मिळून तरी रडलो असतो.”

“लाज वाटत हुती.”

“आणि मला काय वाटत असेल?”

मी असल्या शापबिपांवर विश्वास ठेवणारी नव्हे. म्हशीचा आणि माझा काही संबंध नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण माझा नवरा आठ वर्षं माझ्या शेजारी झोपून वेगळंच काही भोगत होता, आणि मला त्याचा वारासुद्धा लागू दिला नव्हता, हे मला सहन होईना.

दिवस केव्हाच मावळला होता. दोघांच्याही ते ध्यानात आलं.

“तू जेव,” हे म्हणाले. “आजारी माणसाला नेम नसतो. पाप लागायचं तर मला लागू दे.”

“सगळीच पापं तुम्हाला कशाला हवीत? माझं मला घेऊ द्या,” मी म्हणाले आणि गार वरणभात कालवून खाल्ला. आयुष्यात पहिल्यांदा दिवस मावळल्यावर जेवले. भूक अशी कडकडून लागली होती की ताट पुसून खाल्लं, आणि वर अर्धी भाकरी ताकात कुस्करून मागून घेतली. हे समोर बसून बघत होते. मध्येच मला हसू फुटलं, का ते मलाही कळलं नाही. मग तेही हसले. डोळे अजून ओलेच होते.

सकाळी नऊला मी फोन हातात घेतला. हे समोर उभे होते.

“ऐका,” मी म्हणाले. “तुम्हाला कॅनची भीती वाटते, मला माझ्या पोटाची वाटते. दोन पायऱ्या चढले तर धाप लागते मला. माझ्या पोटावर कुणाला पहारा ठेवता यायचा नाही. कॅनवर ठेवता येतो. तो तुम्ही ठेवा.”

त्यांनी मान हलवली. हो म्हणून की काय म्हणून, ते मी विचारलंच नाही. “मॅडम, गोठवा,” मी फोनवर म्हणाले, आणि ठेवून दिला.

पुढं काय झालं ते आत्ताच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लागायला नको. दोन महिन्यांनी दोन्ही गर्भ वितळले, दोन्ही जिवंत निघाले, त्यातला एक रुजला. आमची चंदना आता अकरा वर्षांची आहे आणि बापासारखीच हट्टानं गप्प बसते. पण लोक जेव्हा तिच्या जन्माची हकीकत विचारतात, तेव्हा माझ्या डोळ्यासमोर दवाखाना येत नाही. मला ते दोन महिने आठवतात.

काय दिवस होते ते! ह्यांनी पहारा म्हणजे खरोखरच पहारा ठेवला. दर गुरुवारी मिरजेला जायचे. तिथं प्रयोगशाळेत निवेदिता नावाची एक तरुण मुलगी होती, गर्भ सांभाळायचं काम तिच्याकडं. पहिल्या गुरुवारी तिनं ह्यांना दारातच अडवलं.

“काका, आत येता येत नाही.”

“आत कशाला येतोय? एवढंच सांगा, नायट्रोजन कितीदा मोजता?”

ती बिचारी चकितच झाली. आजवर तिला कुणी असं विचारलं नव्हतं. “दर दोन दिवसांनी. नोंद ठेवतो आम्ही. आणि पातळी खाली गेली तर अलार्म वाजतो.”

“आणि अलार्म वाजला, पण माणूस लग्नाला गेलं असलं तर?”

“कुणाच्या लग्नाला?”

“त्याच्या सोताच्या.”

निवेदिता हसली. “माझ्या लग्नाला अजून अवकाश आहे काका. आणि ठरलं तर तुम्हाला पत्रिका देईन, तेवढे दिवस तुम्ही येऊन बसा.” त्या दिवसापासून ती ह्यांना दारात उभं करून नोंदवही दाखवायची, आणि हे सगळे आकडे वाचून घरी येऊन मला सांगायचे. मला त्यातलं काही कळत नसे, तरी मी प्रत्येक गुरुवारी वाट बघायची.

माझं पोट दहा-बारा दिवसांत निवळलं. अंगात हलकेपणा आला. आणि मग एक नवलच घडलं. आठ वर्षांत पहिल्यांदाच आम्हाला करण्यासारखं काही उरलं नाही. तारखा मोजायच्या नाहीत, गोळ्या नाहीत, पाळी आली म्हणून तोंड लपवायचं नाही. मूल होतं आणि नव्हतंही. मिरजेत थंडीत निवांत होतं, आणि आम्ही दोघं इथं मोकळे.

हे दिवस मावळायच्या आत घरी यायला लागले. पूर्वी कुठल्या तरी गोठ्यात अडकून पडायचे आणि उपाशी झोपायचे. आता लोकांना सांगायचे, “पाचच्या आत बोलवा, न्हाईतर उद्या.” आम्ही परसातल्या त्याच कट्ट्यावर बसून शेवटच्या उजेडात जेवायचो. ओला हरभरा, गरम भाकरी, तुपाची धार. बोलायचे विषय सरायचेच नाहीत. कितीतरी गोष्टी कळल्या मला. ह्यांना लहानपणी पोहायची भीती वाटायची, ते कृष्णेच्या काठाला राहून. माझ्या बापानं लग्न ठरवताना ह्यांना विचारलं होतं, “पोरगीला केंद्रावर काम करू द्याल का?” आणि हे म्हणाले होते, “ती मला काम करू देईल का, ते विचारा आधी.” हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

दोन रविवारी मी त्यांच्याबरोबर फिरतीवरही गेले. लग्नाला आठ वर्षं होऊनही मी त्यांचं काम बघितलं नव्हतं. एका गोठ्यात त्यांनी कोमट पाण्यात कांडी धरली, ओठ हलवत आकडे मोजले, आणि मग म्हशीच्या पाठीवरून असा हात फिरवला की मला त्या म्हशीचा हेवा वाटला. मालक म्हणाला, “डॉक्टर, गेल्या खेपेला उलटली ही. हिच्यातच काय दोष न्हाई नव्हं?” हे म्हणाले, “म्हशीत कशाला? माझ्या हातात असंल, न्हाईतर कांडीत असंल. परत बोलवा, परत येतो.” मी मागं उभी राहून हे ऐकलं. घरी येईपर्यंत त्यांच्या पाठीला गाल लावून बसले होते. रस्त्यावर लोक बघत होते, बघू देत.

आणि मग फेब्रुवारी आला. मिरजेला जायच्या आदल्या दिवशी दुपारी हे कामावरून लवकर आले आणि दारातच उभे राहिले.

“चल,” म्हणाले. “तानुबाईकडं जाऊ.”

“आत्ता? उद्या झाल्यावर जा की.”

“उद्या झाल्यावर न्हाई. उद्या नीट झालं तर मी जाणार न्हाई, मला माहीत हाय मी कसा हाय. आणि वाईट झालं तर त्या कारणानं गेलो असं हुईल. आजच.”

तानुबाई अंगणात बसून शेंगा फोडत होती. आम्हाला बघून तिनं पोतं पसरलं. हे बसले नाहीत. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. रजेचं, कोरड्या कॅनचं, मेलेल्या कांड्यांचं. एक शब्द गाळला नाही की गोड केला नाही. म्हातारीचे हात शेंगांवर थांबले होते.

“म्हंजे तुला ठावं हुतं,” ती म्हणाली.

“व्हय आज्जी.”

“मी इचारलं तवाबी ठावं हुतं.”

“व्हय.”

“मग लाडी वांझ न्हवती म्हण की.”

“न्हवती आज्जी. चांगली म्हस हुती.”

म्हातारी काठी टेकून उठली. मला वाटलं आता ती काठी ह्यांच्या पाठीत बसणार, आणि बसली असती तर मी आडवी गेले नसते. पण ती ह्यांना वळसा घालून फाटकाशी गेली आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली.

“शेवंते! ए शेवंते! भाईर ये आधी! आपली लाडी वांझ न्हवती गं! ह्यो डॉक्टरच सांगतोय! समद्या या गं, ऐका! माझी लाडी वांझ न्हवती!”

सून हात पुसत बाहेर आली. शेजारच्या दारांतून बायका डोकावल्या. दोघी-तिघी फाटकापर्यंत आल्या. त्यात केंद्रावर कुजबुजणारीही होती. म्हातारी प्रत्येकीला परत परत सांगत होती, हसत होती आणि पदरानं डोळे पुसत होती. “म्या म्हनत न्हवते? माझा हात तिच्या पोटावरनं फिरायचा की. मला कळत हुतं!” मग ती ह्यांच्याकडं वळली. “तुला मी च्या देनार न्हाई. आज न्हाई, उद्याबी न्हाई. तुझ्या बायकूला देते.”

मला रडू आवरेना. पोत्यावर बसून मी लहान पोरीसारखी रडायला लागले. एका म्हशीच्या नावावरचा तो शब्द कुणीतरी भर गल्लीत पुसून काढत होतं, आणि मी आठ वर्षं वाट बघत होते की कुणीतरी, कुणीही, माझ्यासाठी एवढं करावं. शेवंता पाणी घेऊन धावली. बायका माझ्याकडं बघायला लागल्या.

ह्यांनीही बघितलं. मग ते फाटकाशी, त्या बायकांसमोर गेले. ह्या माणसानं उभ्या आयुष्यात बायकांच्या घोळक्यात कधी मान वर केली नव्हती. कान लालभडक झाले होते.

“आणि माझी बायकूबी न्हाई,” ते म्हणाले. “पोर हू दे न्हाईतर न हू दे. ज्या कुणाला तसलं काय म्हनायचं असंल, तिनं माझ्यासमोर येऊन म्हनायचं.”

दुसऱ्या दिवशी काय होणार, ते त्या घडीला आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. तानुबाईनं मला चहा आणून दिला, आणि मी त्यातला अर्धा बशीत ओतून ह्यांच्या हातात दिला. म्हातारीनं ते पाहिलं आणि परत शेंगा फोडायला बसली.